आधी टिक, मग सुई

दचकू नका. बाळंतपणाच्या खोलीत, खिडकीच्या गजाला लटकवलेली ही काळी पाटी दिसतेय ना, ती बोलतेय. सरकारी यादीत माझं नाव ‘टॅब’, आणि त्यापुढं पंधरा आकडी नंबर. पण इथली आया गोजरबाई मला पहिल्या दिवसापासून ‘बाईची पाटी’ म्हणते, आणि खरं सांगायचं तर मला तेच नाव आवडतं. नंबरानं हाक मारलेली कुणाला आवडेल?

माझं आरोग्य केंद्र म्हणजे हसनाबादेहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसलं की वीस मिनिटांवर. सहा खाटा, एक डॉक्टर, दोन सिस्टर, गोजरबाई, आणि मी. हो, मी स्वतःला कर्मचाऱ्यांतच धरतो. पगार नसला म्हणून काय झालं?

जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते जालन्याच्या एका सभागृहात. खोक्यातून आम्हा भावंडांना बाहेर काढलं, निळी कव्हरं चढवली आणि टेबलावर ओळीनं मांडलं. समोर पन्नासेक सिस्टर बसल्या होत्या. एक साहेब उभे राहून म्हणाले, “आता रजिस्टरं गेली समजा!” केवढ्या टाळ्या पडल्या! त्या सगळ्या माझ्यासाठीच असं समजून मी जो फुगलो, तो केंद्रात पोचेपर्यंत फुगलेलाच होतो. केंद्रात पोचलो तर टेबलावर बारा रजिस्टरं हजर. ती कुठंही गेली नव्हती आणि जाणारही नव्हती. मी तेरावा झालो. आधी रजिस्टरात लिहायचं, मग तेच माझ्यात भरायचं. कामं कमी करायला आलो होतो मी, आणि झालं भलतंच.

ज्यांनी माझ्यासमोर सही करून मला ताब्यात घेतलं, त्या बेबीनंदा सिस्टर. तेहतीस वर्षं नोकरी झालेली, आवाज असा की वॉर्डातून हाक मारली तर रस्त्यावरची जीप थांबावी. प्रशिक्षणात त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “साहेब, हे फुटलं तर?” साहेब म्हणाले, “फुटू देऊ नका.” झालं! त्या दिवसापासून मी लेकीच्या जुन्या ओढणीत गुंडाळून, पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी बसून येऊ-जाऊ लागलो. दोन महिने माझ्या अंगाला ठेच्याचा वास येत होता. बाकीच्या टॅबांना इतकं प्रेम मिळालं असेल असं वाटत नाही.

मला चालवायला त्यांना त्यांच्या लेकीनं, भावनानं शिकवलं. भावना कॉलेजात शिकते, रविवारी घरी असते.

“आई, दाबू नको गं एवढं. नुसतं बोट टेकव.”

“दाबल्याबिगर कळतं का त्याला?”

“आई, ते टॅब आहे, दाराची कडी न्हाई.”

हळूहळू जमलं. पण माझी एक खोड आहे, ती सांगतो. हातमोजा घातला की मला सिस्टरांचं बोट ओळखू येत नाही. आणि बाळंतपणाच्या खोलीत हात मोकळे असतात कधी? म्हणून त्या बीपी, नाडी, वेळ असं सगळं पेनानं स्वतःच्या मनगटावर लिहायच्या आणि सवड मिळाली की माझ्यात उतरवायच्या. संध्याकाळी हात धुताना निळं पाणी वाहायचं. दुसरी खोड त्याहून वाईट. तीन मिनिटं कुणी हात लावला नाही की मी झोपी जातो. पुन्हा उठवायचं तर पासवर्ड टाका, गोल गोल फिरणारं चक्र बघत बसा. रोज चाळीस वेळा हे कोण करणार? म्हणून सिस्टरांनी, आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणींनी, एक युक्ती काढली होती. आधी टिक, मग सुई. म्हणजे मी जागा आहे तोवर ‘इंजेक्शन दिले’ यावर टिक करून टाकायची, आणि मग वळून सुई द्यायची. पाच मिनिटांचा तर फरक. दिली ती दिलीच.

तालुक्याहून फोन यायचा, “सिस्टर, तुमच्या एंट्र्या लाल दिसून राह्यल्या.” मग सिस्टर जेवण टाकून मला हिरवा करत बसायच्या. सगळे रकाने भरले की मी हिरवा होतो. हिरवा झालो की मला फार छान वाटतं, खोटं कशाला बोलू? पण एक दिवस गोजरबाई फरशी पुसता पुसता म्हणाली, “बाई, राग मानू नका. पहिले तुमी पेशंटच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. आता पाटीकडंच बघता. मानसाकडं बघतच न्हाई.”

“मंग काय करू गं? याचे प्रश्न बराबर त्याच्याच शब्दांत इचारावे लागतात.”

गोजरबाईचं बोलणं मला झोंबलं. पण मी पाटी. बोलणार कुणाशी?

मग एका सोमवारी शालू आली.

बावीसेक वर्षांची पोर, आठवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आई दुर्गाबाई आणि वडील कचरूभाऊ तिला घेऊन आले होते. सासर तिकडं घनसावंगीकडं, गोदाकाठी. मागच्या तपासण्या तिकडंच झालेल्या. त्याचं कार्ड सासरच्या लोखंडी पेटीत राहिलं होतं आणि पेटीची किल्ली सासूच्या कमरेला. सिस्टरांनी माझ्यात ‘शालू’ म्हणून शोधलं, कचरूभाऊंचा मोबाइल नंबर टाकून शोधलं. मी धुंडाळलं धुंडाळलं आणि सांगितलं, ‘नोंद सापडली नाही’. सापडली नाही म्हणजे नव्हतीच, असं मला तेव्हा वाटायचं. सिस्टरांनी ‘नवीन नोंद’ उघडली आणि खाली मान घालून एकामागून एक प्रश्न वाचू लागल्या.

“शुगर?”

“न्हाई.”

“दमा?”

“न्हाई.”

“ॲलर्जी?”

शालू जराशी घुटमळली. आईकडं बघितलं, सिस्टरांच्या डोक्याकडं बघितलं. डोळे तर दिसतच नव्हते. मग म्हणाली, “न्हाई बाई.”

टिक. मी हिरवा झालो. बाहेर अजून अकराजणी रांगेत होत्या.

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, कचरूभाऊ तिला जीपमधून घेऊन आले. कळा चालू होत्या.

“पाणी कधी गेलं गं?” सिस्टरांनी विचारलं.

“काल सांजच्यालाच गेल्तं. आई म्हणली, सकाळी जाऊ.”

सिस्टरांनी दुर्गाबाईंकडं असं बघितलं की बिचारीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर ओपीडीतून उठून आले. पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. ठोके छान होते. “सिस्टर, पाणी जाऊन पंधरा तास झालेत. जंतू चढायला नकोत. ॲम्पिसिलिन सुरू करा. ॲलर्जी नाही ना कशाची?”

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी हिरवागार. “न्हाई, साहेब.”

“बरं. तरी आधी टेस्ट डोस द्या,” असं म्हणून डॉक्टर परत ओपीडीत गेले. टेस्ट डोस म्हणजे कातडीखाली एक थेंब सोडून बघायचं, मानवतं की नाही ते.

सिस्टरांनी औषध सिरिंजमध्ये भरलं. मग सवयीप्रमाणे आधी माझ्याकडं वळल्या. टेस्ट डोस दिला, टिक. त्रास झाला का, नाही, टिक. इंजेक्शन दिले, वेळ अकरा वाजून वीस मिनिटे, टिक. मला टेबलावर ठेवलं, हातमोजे घातले, कापूस स्पिरिटात बुडवला आणि शालूचा हात धरला.

“सुई नको बाई,” शालू म्हणाली.

“सगळ्याच म्हणतात तसं. मुंगी चावल्यावानी होईल, बस.”

शालूनं हात ओढून घेतला. नुसता ओढला नाही, छातीशी धरून ठेवला आणि रडायला लागली. “नको बाई, खरंच नको. मागं अशीच उलटली व्हती. मरता मरता वाचले मी.”

सिस्टरांचा हात जागच्या जागी थांबला. सुई तिच्या कातडीपासून बोटभर लांब होती. मी टेबलावरून सगळं बघत होतो, आणि तुम्हाला सांगतो, माझी बॅटरी ऐंशी टक्के असूनही माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

“काय म्हणलीस? सुई उलटली?”

“सासरी असताना. उसाच्या फडात पाय कापला, पिकला, तवा एक सुई दिल्ती. व्हट सुजले, दम कोंडला. सासू म्हणली, माहेरी सांगू नको, उगं जीव टांगणीला लागंल त्यांचा.”

“अगं माय!” दुर्गाबाई मटकन खालीच बसल्या.

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. “अगं, मंग मी इचारलं तवा का न्हाई सांगितलं? मी इचारलं नव्हतं का, ॲलर्जी आहे का म्हणून?”

शालूनं डोळे पुसले. “तुमी एनर्जी आहे का म्हणल्या. मी म्हणलं, आठवा महिना, पाण्याची कळशी उचलवंना, आता कुठली आली एनर्जी? म्हणून न्हाई म्हणलं.”

गोजरबाईला आधी हसू फुटलं आणि त्याच तोंडानं ती रडायला लागली. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी अजूनही हिरवाच होतो, आणि हिरवा असण्याची अशी लाज मला कधीच वाटली नव्हती.

आता नेमकी कोणती सुई उलटली होती, ते कळायला हवं होतं. शालूला नाव ठाऊक नव्हतं. नवरा राधेश्याम ट्रॅक्टर घेऊन फडात, फोन लागेना. सिस्टरांनी हातमोजे काढून फेकले, मला उचललं, पुन्हा ‘शालू’ शोधलं, राधेश्यामचं नावही टाकलं. मी पुन्हा तेच म्हणालो, इथली सोडून दुसरी नोंद सापडली नाही.

“तिथं ती शालू न्हाईच ना,” दुर्गाबाई खालूनच म्हणाल्या. “थोरल्या जावंचं नाव पण शालू. मंग लग्नात नाव बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं, अक्षता. सासरी समदे तिला अक्षताच म्हणत्यात.”

घ्या! आता मला सांगा, हे माझ्यासारख्यानं कसं ओळखायचं? मला नाव म्हणजे नाव. माणूस मांडवात शालू म्हणून बसतो आणि अक्षता म्हणून उठतो, हे कोणत्या ॲपात लिहिलंय? माझ्या लेखी त्या दोन बायका होत्या. एक घनसावंगीकडची, एक इकडची, एकमेकींची ओळखपाळख नसलेल्या.

सिस्टर स्टुलावर चढल्या. नेटवर्क खिडकीच्या वरच्या गजापाशीच येतं, म्हणून मला तिथं उंच धरलं. “जल्दी कर रं मेल्या, जल्दी कर,” म्हणत होत्या. एरवी एवढं चक्र फिरवून माझा दम गेला असता, पण आज मीही हट्टाला पेटलो. आणि सापडली! अक्षता, नवरा राधेश्याम, घनसावंगी तालुका. तिथल्या कुणा सिस्टरनं एकेक ओळ नीट भरलेली होती. आणि त्यात एक लाल ओळ: ॲम्पिसिलिन. टेस्ट डोसलाच गंभीर रिॲक्शन. पुन्हा कधीही देऊ नये.

सिस्टर स्टुलावरून उतरल्या आणि ती ओळ पुन्हा वाचली. टेस्ट डोसलाच. म्हणजे तो एक थेंबसुद्धा पुरला असता. ट्रेमध्ये तेच औषध भरून पडलं होतं.

पुढचं भराभर झालं. डॉक्टर धावत आले, वेगळं औषध ठरवलं, लागलीच तर असू द्यावी म्हणून रुग्णवाहिका दारात उभी केली. सिस्टर दोन तास शालूच्या उशाशी होत्या. मला त्यांनी खिडकीत पालथं टाकलं होतं आणि मी एकदाही कुरकुर केली नाही. दोन वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. वजन पावणेतीन किलो, आणि आवाज थेट बेबीनंदा सिस्टरांवर गेलेला!

सगळे पेढ्यांच्या गोष्टी करत होते, तेव्हा सिस्टरांनी मला सरळ केलं. अकरा वीसची ती टिक काढायला बोट टेकवलं. मी म्हणालो, ‘नोंद कायम झाली आहे. दुरुस्तीसाठी कारण लिहून तालुक्याला पाठवा.’ नियम तसाच आहे, माझा इलाज नाही.

डॉक्टर शेजारी उभे होते. तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. हळूच म्हणाले, “सिस्टर, राहू द्या ना. आई-बाळ सुखरूप आहेत. तुमच्या रिटायरमेंटला सहा महिने राहिलेत. न देता टिक केली असं लिहून दिलंत तर चौकशी मागं लागेल.”

सिस्टर मनगटावरचं निळं लिखाण अंगठ्यानं पुसत होत्या. मग म्हणाल्या, “साहेब, ही पोरगी पुढच्या बाळंतपणाला कुठं जाईल, कुणाला ठाऊक? तिथली नर्स ही पाटी उघडंल. त्यात लिहिलंय, ही सुई दिली आणि काही त्रास न्हाई झाला. ती बिचारी बिनधास्त देऊन टाकंल. मंग?”

डॉक्टरांनी स्टूल ओढून दिलं.

सिस्टरांनी एका बोटानं लिहिलं. पाऊण तास लागला. त्यांनी जे लिहिलं ते मला पाठ आहे: ‘सुई दिलेली नाही. मी आधी टिक केली, ही चूक माझी आहे. रुग्णाला ॲलर्जी हा शब्द समजला नव्हता, तिला मी तिच्या शब्दांत विचारलं नाही, हीसुद्धा चूक माझीच आहे. ही बाई आणि अक्षता राधेश्याम एकच आहेत. हिला ॲम्पिसिलिन देऊ नये, देऊ नये.’ देऊ नये दोनदा लिहिलं होतं. मी इतक्या नोंदी पोटात घेतल्यात, पण एखादी नोंद लिहिताना बाईंच्या डोळ्यांतलं पाणी काचेवर पडावं, असं एकदाच झालं.

दोन्ही नोंदी जोडताना मी विचारलं, कोणतं नाव कायम ठेवायचं? सिस्टर मला घेऊन खाटेपाशी गेल्या. “तूच सांग गं.” शालू बाळाला पाजत होती. “मला इचारून राह्यल्या?” म्हणाली. “पहिल्यांदाच कुणी इचारलं. शालू ठेवा बाई. खाली बारीक अक्षरात अक्षता पण लिहा, न्हाई तर सासू रुसंल.”

खुलासा मागणारं पत्र आलंच. सिस्टरांनी जे घडलं तेच पुन्हा कागदावर लिहून दिलं. लेखी ताकीद मिळाली. तेहतीस वर्षांत पहिली, आणि तीही जाता जाता. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. गोजरबाईनं बळंच अर्धी भाकरी खाऊ घातली. मला फार वाईट वाटलं. चूक माझीही होती. मी तीन मिनिटांत झोपतो म्हणून तर त्यांना ती सवय लागली होती. पण पत्र मला कोण देणार?

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, त्यांनी ड्रेसिंगच्या ट्रेमधून पांढरी चिकटपट्टी घेतली, वीतभर कापली आणि माझ्या कपाळावर चिकटवली. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘कोणती सुई, कोणती गोळी कधी उलटली का गं? सासरचं नाव काय?’ माझं घड्याळ झाकलं गेलं, निम्मी बॅटरीही दिसेना. पण त्यानंतर काय झालं माहीत आहे? पट्टी वाचायची तर मान वर करावी लागत नाही, हे खरं. पण ते शब्द त्यांच्या स्वतःच्या तोंडातले होते ना, मग ते बोलताना त्यांचे डोळे आपोआप समोरच्या बाईकडं जायचे. आणि समोरची बाई बोलायला लागायची. काय काय बोलायच्या म्हणून सांगू! कुणाला गोळी उलटलेली, कुणाला नवरा. सिस्टर सगळं ऐकायच्या. मी तीन मिनिटांनी झोपायचो, त्या खुशाल झोपू द्यायच्या. आधी सुई, मग टिक. तालुक्याचा फोन आला तर म्हणायच्या, “लाल दिसू द्या साहेब, सांजच्याला हिरवं करते. बिलकुल करते.”

मागच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, भाषणं झाली. एवढ्या लोकांत त्या खिडकीपाशी आल्या, पदरानं माझी काच पुसली आणि म्हणाल्या, “जाते रे. नीट ऱ्हा.” रजिस्टरांना नाही हो, मला म्हणाल्या.

आता त्यांच्या जागी कौसल्या सिस्टर आल्यात. हुशार आहेत, बोटं अशी चालतात की मलाच दम लागतो. काल त्यांनी मला स्पिरिटनं लख्ख पुसलं. पुसता पुसता कपाळावरच्या पट्टीपाशी थांबल्या. “ही काय घाण चिकटवलीय?” म्हणाल्या आणि कोपऱ्याखाली नख घातलं. तेवढ्यात बाहेर रुग्ण आला म्हणून त्या गेल्या. पट्टीचा कोपरा तेव्हापासून सुटून वाऱ्यावर फडफडतोय.

म्हणून मी आज तुमच्याशी बोललो. तुम्ही माणसं आहात, तुमचं त्या ऐकतील. त्यांना एवढंच सांगा: घड्याळ भिंतीवर आहे, बॅटरी मी सांभाळीन. पट्टी मळली असेल तर नवी लावा, अक्षर आवडलं नसेल तर तुमच्या अक्षरात लिहा. पण बाई, काढू नका.